कियोची जागा

सेंदाईला जायचं ठरलं तेव्हा तोक्योच्या निशी-कसाईतल्या बायकांनी नयनाला वेड्यातच काढलं होतं. "अगं, तिकडची माणसं इकडे पळून येताहेत, आणि तू लेकीला काखोटीला मारून तिकडे निघालीस?" मंजुषा म्हणाली होती. तिकडच्या मोठ्या भूकंपाला दीड वर्षही झालं नव्हतं. पण विजयकुमारला तिथल्या विद्यापीठात धातूंवरच्या संशोधनाचं काम मिळालं होतं, आणि नवरा एका गावी, देव्हारा दुसऱ्या गावी हे काही नयनाच्या मनाला पटणारं नव्हतं. देव स्टीलच्या डब्यात, डबा मांडीवर आणि लेक ओवी शेजारी, अशी ती शिनकानसेन गाडीतून उत्तरेला गेली.

सेंदाईत घर लागलं, शेजारही बरा मिळाला. एक चुटपुट मात्र जाईना. देवाला फूल वाहायचं तर ते प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं. पालेभाजीला मातीचा कण नाही. घट बसायला दोन-तीन दिवस राहिले आणि रोजच्या माळेला फुलं कुठून आणायची या काळजीत ती असताना शेजारणीने सांगितलं, किनाऱ्यावरच्या एका बंदरगावात बाजार भरतो, तिथे सगळं शेतातून थेट येतं.

आपल्याकडे मंगळवारचा बाजार, बुधवारचा बाजार असतो. तिथे वाराऐवजी तारीख पाळतात. तारखेच्या शेवटी तीन किंवा आठ आलं की पहाटेपासून बाजार, दुपारी सगळं सामसूम. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं. जुना बाजाररस्ता त्सुनामीने पुसून नेला, म्हणून आता बाजार उंचावरच्या एका बंद पडलेल्या शाळेच्या पटांगणात भरायचा.

नयना ओवीला घेऊन तिथे पोचली आणि तिला क्षणभर माहेरच्या गावीच आल्यासारखं वाटलं. दोन्ही बाजूंना चटया अंथरलेल्या. मातीने माखलेले मुळे, भोपळे, सुकवलेलं शेवाळ, बादल्यांतून पिवळीधमक शेवंती. विकायला बसलेल्या बहुतेक म्हाताऱ्या, डोक्याला फडकं बांधलेल्या, एकीकडे हात चालू आणि दुसरीकडे तोंड. फक्त मधेमधे जागा सुटलेल्या होत्या, दात पडलेल्या तोंडासारख्या.

दोन पिशव्या भरल्या. शेवंतीचा भारा घेतला. ओवीचे पाय दुखू लागले, आणि नयनाने आपल्याकडे बाजारात कुणीही करेल तेच केलं. एक मोकळी जागा बघितली, ओढणी पसरली, ओवीला बसवलं, पिशव्या टेकवल्या आणि स्वतःही मांडी घातली.

आजूबाजूची बडबड एकदम थांबली. कुणी रागावलं नाही, कुणी हटकलं नाही. सगळ्या नुसत्या हातातल्या कामाकडे बघत राहिल्या. शेजारच्या चटईवर लोणच्याची पिंपं घेऊन एक बुटकी, रुंद चेहऱ्याची म्हातारी बसली होती. तिने स्वतःच्या बुडाखालची गादी काढली, आपल्या चटईच्या पलीकडच्या बाजूला ठेवली आणि म्हणाली, "इकडे ये, सूनबाई. तिथे ऊन लागेल."

नयनाने वर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं होतं.

ती उठून गादीवर गेली. म्हातारीने दोघींना गरम चहा दिला आणि ओवीच्या हातावर काकडीच्या लोणच्याची फोड ठेवली. समोरच्या बाईने हळूच ओवीला काहीतरी सांगितलं. बालवाडीत जाऊन ओवीचं जपानी आईच्या पुढे गेलं होतं. ती मोठ्याने मराठीत म्हणाली, "आई, तिथे एक आजी बसते. ती लाटेत गेली, म्हणून तिथे कुणी बसत नाही."

पितृपक्ष चालू होता. पितरांसाठी पान वाढून ठेवावं आणि आपण जाऊन त्याच पानावर बसावं, तसं नयनाला झालं. तिने वाकून वाकून माफी मागितली. म्हातारीने हात झटकला. "तिला काय होतंय! तिची चटई येईपर्यंत जागा मोकळीच आहे. उशीर करते ती. पहिल्यापासून तशीच."

ही उमेनो-सान.

पुढच्या बाजाराला नयना रव्याचे लाडू घेऊन गेली. उमेनो-सानने एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि विचारलं, "तुमच्या देशात मीठ मिळत नाही का गं?"

"आणि तुमच्या लोणच्यात मिठाशिवाय दुसरं काही असतं का?" नयना चटकन बोलून गेली आणि जीभ चावली. उमेनो-सान मात्र गदगदून हसली. त्या दिवसापासून नयना तिची 'इंदोची', म्हणजे भारताची, सून झाली.

उमेनो-सान डोंगरातल्या एका खेड्याची. लग्न होऊन बंदरावर आली तोवर तिने समुद्र पाहिलाच नव्हता. पहिल्या रात्री लाटांच्या आवाजाने झोप लागली नाही म्हणून रडली होती म्हणे. नवरा बोटीवर जायचा. त्याचं दुखणं काढून तिने त्याला शेवटचा निरोप दिला, तेही खूप वर्षांपूर्वी. मुलगा शिकून तोक्योला गेला. ती डोंगरउतारावरच्या घरात राहिली. माहेरची मुळ्याची आणि काकडीची लोणची तिने कोळ्यांच्या गावाला खायला शिकवली, आणि चाळीस वर्षं बाजारात एकाच ठिकाणी बसली.

त्या चाळीस वर्षांत तिच्या डाव्या हाताला कियो.

कियोची हकिकत नयनाला बाजाराचे प्रमुख साताके-सान यांच्याकडून कळली. उमेनो-सान स्वतःहून कियोबद्दल बोलायची ती वर्तमानकाळात आणि तक्रारीच्याच सुरात.

कियो सुके मासे विकायची. तीही त्याच वर्षी लग्न होऊन आली. तिला मूलबाळ झालं नाही, नवरा लवकर गेला, नात्याचं म्हणून कुणी उरलं नाही. तिच्या माशांचा वास उमेनोच्या लोणच्यांना लागतो, हे भांडणाचं पहिलं कारण. दुसरं कारण चटई. आपल्याकडे भाऊबंद बांध कोरतात, तशी कियो दर बाजाराला चटई वीतभर अलीकडे सरकवायची. उमेनो ती कड दुमडून परत करायची. कियो उलगडायची. वर्षं गेली, दोघींचे केस पांढरे झाले, तरी त्या वीतभर जागेचं भांडण काही मिटलं नाही. मधली कित्येक वर्षं तर दोघींचं थेट बोलणंच बंद होतं. डबे मात्र शेजारी शेजारी उघडायच्या आणि हवेत बघून बोलायच्या.

"आज कुणाचा तरी मुळा खारट झालाय."

"कुणाचे तरी मासे चार दिवसांपूर्वीच वारलेत."

अख्खा बाजार हे ऐकायला कान लावून बसायचा.

भूकंपाच्या आधीचा शेवटचा बाजार मार्चच्या आठ तारखेला होता. त्या दिवशी उमेनो घरून मोठी कात्री घेऊन आली. कियोने चटई उलगडली तशी हिने पुढे होऊन अलीकडे आलेली सगळी कड कराकरा कापून टाकली. बाजार श्वास रोखून बघत होता. कियो उठली, कापलेल्या चटईकडे बघितलं आणि कितीतरी वर्षांनी थेट उमेनोच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ठीक आहे. पुढच्या बाजाराला नवी आणते. याच्या दुप्पट."

"आण तर खरी," उमेनो म्हणाली.

पुढचा बाजार तेरा तारखेला होता. अकराला समुद्र आला. उमेनोचं घर उतारावर होतं, ते वाचलं. कियोचं घर धक्क्याजवळ होतं. घर गेलं, कियो गेली, तिचं काहीच सापडलं नाही.

"ती कापलेली कड मीच उचलली होती," साताके-सान म्हणाले. "जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी यायची होती. नसती टाकली तर कियो-सानची एवढी एक वस्तू राहिली असती."

शाळेच्या पटांगणात बाजार पुन्हा सुरू झाला तेव्हा उमेनो-सान पहाटे खडू घेऊन आली आणि जुन्या रस्त्यावर जो जिथे बसायचा त्याच क्रमाने तिने सगळ्यांच्या जागा आखल्या. जे गेले त्यांच्याही. तेव्हा कुणालाच नाही म्हणवेना. पुढे हळूहळू एकेका जागी कुणाची सून बसली, कुणाची लेक बसली. काही घरांनी आपण होऊन जागा सोडली. दात पडलेलं तोंड भरत आलं. कियोची जागा तेवढी तशीच राहिली. उमेनो-सान तिथे पिशवीसुद्धा टेकू द्यायची नाही. ज्या वीतभरासाठी तिने जन्म काढला, त्याच्या पलीकडची ती सगळी चटईभर जागा आता पडून होती, आणि ती स्वतः बोटभरही तिकडे सरकत नव्हती.

असे बाजार येत गेले. नयनाच्या घरी गौरी आल्या, गेल्या, नवरात्रं झाली. सगळ्याला फुलं आणि भाजी उमेनो-सानच्या ओळखीने यायची. ओवी तिच्या पिंपांमागे बसून अक्षरं गिरवायला शिकली.

भूकंपाला पाच वर्षं झाली त्या वर्षी सरकारने बंदराजवळ जमीन उंच करून बाजारासाठी इमारत बांधली. छप्पर, पाण्याचे नळ, सिमेंटचे ओटे, प्रत्येक ओट्यावर नावाची लाकडी पाटी. बाजार तिकडे हलणार होता. आणि साताके-सान एका सकाळी नयनाला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचं ऐकते ती. मी बोलायला लागलो की तिला ऐकू येईनासं होतं."

नव्या इमारतीत रिकामा ओटा ठेवायला परवानगी नव्हती. ज्याची पाटी तो तरी बसला पाहिजे, नाहीतर त्याच्या घरचं कुणी बदली म्हणून. एक तरुण जोडपं पाव विकायला जागा मागत होतं. त्यांना कियोचा ओटा द्यायचा, तर बाजाराच्या रिवाजाप्रमाणे शेजारच्याने 'बसा' म्हटल्याशिवाय नवा माणूस बसत नाही. शेजारची म्हणजे उमेनो-सान.

"ती हो म्हणणार नाही. आणि मंडळी तिच्याविरुद्ध हात वर करायलाही तयार नाहीत," साताके-सान म्हणाले. "पण रिकामी जागा ठेवली तर इमारतवाले ऐकायचे नाहीत. तिला समजावा. गेलेल्या माणसाला जाऊ द्यावं, असं तुमच्या धर्मातही असेलच की काहीतरी."

नयना आगगाडीत रस्ताभर वाक्यं जुळवत राहिली. कियो-सानच्या जिवाला कुणी निरोपच दिला नाही, तो अधांतरी राहिला, हे तिला मनापासून बोचत होतं. पुढच्या बाजाराला उमेनो-सान मुळे चिरत असताना ती शेजारी बसली आणि तिने विषय काढला.

"आमच्याकडे माणूस बेपत्ता झाला आणि सापडलाच नाही, तर बारा वर्षं वाट बघतात. मग दर्भाची, म्हणजे एका पवित्र गवताची आकृती करतात आणि तिलाच अग्नी देतात. त्या जिवाला पुढे जायला वाट मिळते."

"बारा?" उमेनो-सानची सुरी थांबली.

"हो."

"आणि तेराव्या वर्षी तो दारात येऊन उभा राहिला तर?"

इथे नयनाने गप्प बसायला हवं होतं. पण लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेलं तिला आठवलं, आणि धर्माचं काही विचारलं की अर्धवट सांगणं तिच्याने होत नसे. "मग म्हणे त्याला तुपाने न्हाऊ घालतात आणि पुन्हा बारसं करतात. नवा जन्म झाला असं धरून."

उमेनो-सानने सुरी खाली ठेवली. तिचे खांदे हलू लागले. "कियोचं बारसं! तुपात! अगं, तळलेल्या बांगड्यासारखी दिसेल ती!" ती हसत सुटली, समोरचीला ओरडून सांगितलं, तीही हसली. हसता हसता उमेनो-सानने डोक्याचं फडकं सोडून डोळे पुसले, आणि पुसतच राहिली. मग नाक ओढून म्हणाली, "पाच झाली. सात राहिली. बरं झालं सांगितलंस, सूनबाई. इथे कुणी मला नक्की आकडा सांगतच नव्हतं."

दुपारपर्यंत ही बातमी साताके-सानपर्यंत पोचली. "बारा वर्षं?" त्यांनी नयनाला विचारलं. "मी तुम्हाला तिला समजवायला पाठवलं होतं."

"समजावलंच की मी," नयना पडेल आवाजात म्हणाली.

घरी विजयकुमार पोट धरून हसला. "तू नक्की कुणाची वकील होतीस?" नयनाला मात्र हसू आलं नाही. संध्याकाळी दिवा लावताना तिने देवासमोर हात जोडले आणि काय मागावं तेच तिला सुचेना. कियो-सानची सुटका मागावी, तर उमेनो-सानचा आधार जात होता.

तोड उमेनो-सानने स्वतःच काढली. बाजाराच्या मंडळाच्या बैठकीत ती उठली आणि म्हणाली, "पाववाल्या मुलांना ओटा द्या. उमेनोचा द्या. कियोच्या ओट्यावर मी बसते, तिची बदली म्हणून."

"बदली नात्यातली लागते, उमेनो-सान," साताके-सान म्हणाले.

"आहे का कुणी तिच्या नात्यातलं? असेल तर आणा. चाळीस वर्षं मी तिच्याशी भांडले. एवढं नातं पुरत नाही का तुम्हाला?"

चाळीस वर्षांचं उमेनोचं नाव त्या दिवशी मंडळाच्या यादीतून गेलं.

कियोच्या ओट्यावर लोणची चालणार नव्हती. कियोच्या ओट्यावर मासेच हवेत, असं तिने स्वतःच ठरवलं. तिने पिंपं शेजारणींना वाटून टाकली. ज्या वासाने ती जन्मभर नाकाला पदर लावल्यासारखी करायची, तो वास तिने आपल्या अंगणात आणला. बंदरावरून मासे आणायचे, चिरायचे, मिठाच्या पाण्यात घालायचे, जाळीवर वाळवायचे. त्या उन्हाळ्यात नयना तिच्या घरी गेली तेव्हा उमेनो-सानच्या हातांना बारीक बारीक चिरा पडलेल्या होत्या. मुळा चिरणाऱ्या हातांना माशांचे काटे ओळखीचे नव्हते. नयना मासे खात नाही. तरी ती जाळीजवळ उभी राहून माशा हाकत राहिली.

"कियो मीठ फार घालते," उमेनो-सान म्हणाली. "मीही तेवढंच घातलंय. वाईट लागतं. पण तिचं असंच असतं."

"लोणच्याचं गिऱ्हाईक विचारेल तुम्हाला."

"सांगेन, उमेनो गेली."

नयनाला ते ऐकवेना.

नव्या बाजाराचं उद्घाटन शरद ऋतूत झालं. पताका लागल्या होत्या, मोठे ढोल वाजत होते. समुद्र दिसत नव्हता. इमारतीच्या मागे लाट अडवायची नवी भिंत उभी राहिली होती, तिच्याएवढी उंच भिंत त्या गावाने कधी पाहिली नव्हती. नयना ओवीला घेऊन आत गेली. एका ओट्यावर पावांच्या टोपल्या आणि ते तरुण जोडपं. त्याला लागून सुक्या माशांच्या ओळी, वर ठळक अक्षरांत कियोच्या नावाची पाटी, आणि पाटीखाली डोक्याला फडकं बांधलेली उमेनो-सान. चेहरा घट्ट मिटलेला. जुनी गिऱ्हाइकं यायची, पाटी बघायची, तिच्याकडे बघायची आणि न बोलता मासे घेऊन जायची. गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

पण उद्घाटनाला आलेले सगळेच गावातले नव्हते. त्सुनामीनंतर घरं गेली तशी पुष्कळ माणसं दूर डोंगरात, मुलांकडे, नातेवाइकांकडे पांगली होती. त्यातलीच एक म्हातारी नातवाच्या गाडीतून आली होती. दारातून शिरताच ती थबकली. तिची नजर अधू असावी, कारण ती डोळे बारीक करून वर पाटीकडे बघत होती. मग ती माणसांतून वाट काढत, काठी आपटत पळतच सुटली.

"कियो-चान! कियो-चान!"

ओट्यावरून वाकून तिने उमेनो-सानचे दोन्ही हात धरले. "मला सगळे म्हणाले, तू गेलीस. मी म्हटलं, ती कशाची जाते! आत्ता तुझी पाटी वाचली लांबून. एवढी वर्षं कुठे होतीस गं? किती वाळलीस!" ती रडत होती, हसत होती आणि हात सोडत नव्हती. पाववाल्या मुलीने हातातला चिमटा खाली ठेवला.

नयनाला वाटलं, उमेनो-सान नेहमीसारखं म्हणेल, "उशीर होतोय तिला. येईल." एवढ्या वर्षांत विचारणाऱ्या प्रत्येकाला तिने तेच सांगितलं होतं, आणि तिच्यापुढे कुणी कधी दुसरं काही म्हटलं नव्हतं. तिचे ओठ हलले. पण समोर ती ओली, उजळलेली मुद्रा होती, आणि तिला 'येईल' म्हणणं म्हणजे पुन्हा वाट बघायला लावणं होतं.

"मी उमेनो," ती म्हणाली. "लोणचीवाली. कियो नाही."

"मग कियो?"

"कियो मेली."

म्हातारीने कान पुढे केला.

"लाटेत गेली. सापडली नाही," उमेनो-सान म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाव सांगावा तसा. "मेली ती."

"हो का," म्हातारी म्हणाली.

"हो."

म्हातारीने हात सोडले नाहीत. दोघी तशाच उभ्या राहिल्या, मधे मासे. शेवटी नातू येऊन आजीला हळूच घेऊन गेला. जाताना ती पाटीकडे बघून वाकली, मग उमेनो-सानकडे बघून वाकली.

उमेनो-सानने स्टूल ओढलं. साताके-सान धावत आले, "अहो, पडाल," म्हणाले. तिने ऐकलं नाही. ती स्टुलावर चढली, कियोची पाटी खिळ्यावरून काढली, मासे बांधायच्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि काखेत धरली. "नयना," ती म्हणाली. सूनबाई म्हणाली नाही, नावाने हाक मारली. "हे मासे वाटून टाक." मग ती माणसांतून निघाली. तिला कुणी अडवलं नाही.

ती पुन्हा बाजारात आली नाही. पुढच्या वसंतात मुलाने तिला तोक्योतल्या तोयोसुला नेलं, पाण्याकाठच्या उंच मनोऱ्यातल्या घरात. घर आवरायला नयना गेली होती. नवऱ्याची तसबीर ठेवलेल्या घरातल्या देव्हाऱ्यात कियोची पाटीही उभी होती. ती मात्र उमेनो-सानने स्वतःच्या हातांनी बांधली, दुसऱ्या कुणाला देईना.

नयना तिला अधूनमधून फोन करते. उमेनो-सान सांगते, खिडकीतून समुद्र दिसतो, पण ह्या समुद्राला वास नाही, लाट नाही, नुसता पसरलाय. एकदा तिने विचारलं, "बाजार भरतो?"

"भरतो."

"तिथे कोण बसतं?"

"फुलवाली बसते. शेवंती, लिली असं विकते. घटाच्या माळेला तिच्याकडूनच घेतली या खेपेला."

उमेनो-सानने फोन ठेवला नाही. नयना कानाशी फोन धरून तिचा श्वास ऐकत बसली. मग पलीकडून सुनेने जेवायला हाक मारली, आणि उमेनो-सान "आले" म्हणाली.